बंद घर फोडल्यानंतरची कामं: चौकटी, खिडक्या, उजेड आणि शेजार

२ फेब्रुवारी

आमच्या ओळीतलं एक बंद घर परवा भरदुपारी फोडलं. घरातली माणसं सकाळी कामाला गेलेली, संध्याकाळी आली तर दार नुसतं लोटलेलं. पोलिसांची पाहणी झाली, ठसे घेतले, त्यानंतर आम्ही शेजाऱ्यांनी ते दार नीट बघितलं. कुलूप शाबूत होतं. त्याची जीभ पूर्ण बाहेर आलेली, तशीच्या तशी. फुटली होती ती चौकट. जीभ ज्या पट्टीत शिरते ती पट्टी जेमतेम २० मिमीच्या दोन स्क्रूंवर बसवलेली होती. कटावणी घातल्यावर ती लाकडाच्या ढलपीसकट उपटून आली.

त्या घरी मागच्याच वर्षी चांगल्यातलं, महाग कुलूप बसवलं होतं. कुलूप घेताना सगळे त्याच्या किल्लीबद्दल विचारतात, ते अडकणार कशात हे कोणी विचारत नाही.

रात्री सगळे जमलो. ओळीतल्या प्रत्येक घराची दारं-खिडक्या तपासायची, जमेल ते आपण करायचं आणि सुतार, गवंडी, वेल्डर लागेल तिथे बोलवायचे असं ठरलं. नोंदी मी ठेवतोय. दुसऱ्या वस्तीत कोणी हेच काम हाती घेतलं तर आमचा जो वेळ वाया जाईल तो त्यांचा जायला नको.

३ फेब्रुवारी

सुरुवात फुटलेल्याच घरापासून केली. काही जणांचं म्हणणं होतं की तिथे चोर आता परत कशाला येईल, आधी बाकीची घरं बघू. मला हे पटत नाही. एकदा फुटलेलं घर आणि त्याला लागून असलेली घरं यांनाच पुढचे काही आठवडे सर्वांत जास्त धोका असतो. आत यायची वाट कोणती, कोण किती वाजता बाहेर असतं, हे चोराला कळलेलं असतं. नेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही त्याला माहीत असतं.

इंग्लंडमधल्या रॉचडेल इथल्या किर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात हाच धागा धरून काम झालं होतं. फुटलेल्या घराची दारं-खिडक्या लगेच पक्क्या करायच्या. वीज-गॅसचे नाण्यांवर चालणारे मीटर काढून टाकायचे, कारण त्यातली रोकड हेच मोठं आमिष होतं. आणि आसपासच्या पाच-सहा घरांनी त्या एकाच घरावर लक्ष ठेवायचं. तिथल्या घरफोड्या काही महिन्यांत निम्म्याहून खाली आल्या. यातली शेवटची गोष्ट आम्ही आजच उचलली. सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवा असं सांगितलं तर ते कोणाच्याच अंगाला लागत नाही. हे एक घर तुमच्याकडे, असं सांगितलं की माणूस खरंच बघतो.

आज तात्पुरतं म्हणून फुटलेल्या चौकटीवर जाड लोखंडी पट्टी ठोकली आणि आतून आडवी आगळ लावली. आगळ घरात कोणी असेल तेव्हाच कामाची. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा समोरचे काका आणि शेजारच्या वहिनी आळीपाळीने बाहेर बसतायत.

त्या घरातल्या ताईंना झोप लागत नाही. वस्तू गेल्याचं दुःख आहेच, पण कोणीतरी कपाटं उचकटली, कपड्यांना हात लावला, हे त्यांना जास्त लागलंय. अशा वेळी शेजाऱ्यांनी «अहो, वस्तूच तर गेल्या» असं म्हणू नये. रात्री सोबतीला कोणी राहू का, एवढं विचारावं. आमच्यातल्या दोघीजणी आळीपाळीने राहतायत.

५ फेब्रुवारी

पोलिसांना गेलेल्या वस्तूंची यादी द्यायची तर कशाचाच अनुक्रमांक लिहून ठेवलेला नव्हता. मग खोकी आणि पावत्या शोधण्यात दिवस गेला. आज प्रत्येक घराला सांगितलं: टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा, सायकल यांच्या मागचा किंवा खालचा क्रमांक फोटो काढून ठेवा. मोबाइलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, दिसतो, तो कागदावर उतरवा. दागिन्यांचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, म्हणजे आकार कळतो. ही यादी लॅपटॉपमध्येच ठेवली तर लॅपटॉपबरोबर जाईल. एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे असू दे.

८ फेब्रुवारी

घरोघरची पाहणी. प्रत्येक घर आधी बाहेरून बघायचं आणि किल्ली नसताना आपण आत कसे शिरू असं स्वतःला विचारायचं. घरमालकाने आपलं घर बघायचं नाही, ते शेजाऱ्याने बघायचं. हा नियम फार उपयोगी पडला, कारण स्वतःच्या घराच्या खोडी रोज बघून डोळ्यांना दिसेनाशा होतात.

जे दिसलं त्यातलं महत्त्वाचं लिहितो. बऱ्याच घरांत पुढचं दार भक्कम आणि मागचं दार जुन्या पातळ फळ्यांचं. एका घराची शिडी मागच्या भिंतीला उघड्यावर टेकलेली, म्हणजे पहिल्या मजल्याच्या खिडकीला गज नसण्याचा चोराला पूर्ण फायदा. कुंडीखाली, मीटरच्या डब्यात, चपलांच्या कपाटात ठेवलेल्या किल्ल्या अनेक ठिकाणी. त्या सगळ्या तिथल्या तिथे काढून शेजाऱ्यांच्या हवाली केल्या.

कडी-कोयंड्याला बाहेरून लटकणारं मोठं कुलूप हा प्रकार सर्वांत जास्त. त्यात दोन खोट आहेत. एक म्हणजे घरात कोणी नाही हे ते लांबूनच सांगतं. दुसरं म्हणजे कुलूप कितीही जड असो, कोयंडा चार बारीक स्क्रूंवर असतो आणि ते स्क्रू बाहेरून दिसतात. ज्यांना तो ठेवायचाच आहे त्यांच्यासाठी उपाय: स्क्रूंच्या जागी दारातून आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट घालायचे आणि आतून नट आवळायचे. कोयंडा असा घ्यायचा की कुलूप लावल्यावर त्याची पट्टी बोल्टांची डोकी झाकेल.

बाहेर उघडणाऱ्या दारांची वेगळी अडचण. बिजागऱ्या बाहेर, त्यांच्या पिना ठोकून काढता येतात आणि मग कुलपाला हात न लावता दार बिजागरीच्या बाजूने निघतं. त्यासाठी बिजागरीच्या बाजूला दाराच्या कडेत एक-दोन पोलादी खुंट्या बसवायच्या. दार लागलं की त्या चौकटीतल्या भोकांत शिरतात. मग पिना काढल्या तरी दार हलत नाही.

१० फेब्रुवारी

चौकटींचं काम सुरू झालं आणि पहिल्याच घरात फसलं.

ठरलं होतं ते सोपं होतं: छोटी पट्टी काढायची, लांब आणि जाड पोलादी पट्टी लावायची आणि २० मिमीच्या जागी ७५ मिमीचे स्क्रू घालायचे. लाकडाचा सांगाडा असलेल्या घरात एवढ्यावर भागतं, कारण स्क्रू चौकटीमागच्या खांबाला जाऊन धरतो. विटांच्या घरात चौकटीमागे भिंत असते. तिथे स्क्रू ५० मिमी आत गेला आणि नुसता फिरत राहिला. बाहेर काढला तर टोकाला भुगा. चौकटीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं तर आवाज पोकळ. चौकट बसवताना भिंत आणि लाकूड यांच्यातली फट नीट भरलीच नव्हती, वरून प्लास्टर ओढून झाकली होती. लाथ बसली की दार चौकटीसकट आत जायचं, अशी त्या घराची स्थिती होती.

गवंड्याने कडेचं प्लास्टर फोडलं, फट साफ केली, पाणी मारलं आणि एकास तीन सिमेंट-वाळूचा माल दाबून भरला. त्याने सांगितलं होतं की याला आठवडाभर हात लावू नका, रोज पाणी मारा. आमच्यातल्या काहींना घाई होती. दुसऱ्या दिवशीच ड्रिल लावलं. ओल्या मालाला तडे गेले आणि अर्धा भाग खाली आला. सगळं परत फोडून भरावं लागलं. मालाची पिशवी गेली त्याचं फार नाही, पण त्या घराचं दार आणखी आठवडाभर कच्चं राहणार.

१९ फेब्रुवारी

या वेळी माल पुरता वाळू दिला. लाकूड आणि भिंत दोन्हीतून जाणारे लांब फ्रेम अँकर वापरले, विटेत किमान ६० मिमी शिरतील एवढे. कुलपाच्या वर-खाली एकेक, प्रत्येक बिजागरीजवळ एकेक. भोक पाडल्यावर आतला भुगा फुंकून किंवा ब्रशने काढायलाच हवा, नाहीतर अँकर पूर्ण पकडत नाही.

एक खबरदारी सुताराने दाखवली. अँकर जोरात आवळला की चौकट भिंतीकडे ओढली जाते आणि दार एका कडेला घासायला लागतं. जिथे अँकर जाणार तिथे चौकटीमागे आधी लाकडी चिपा ठोकून घ्यायच्या, मग बेताने आवळायचं. प्रत्येक अँकरनंतर दार लावून बघायचं. दार घासायला लागलं की माणसं कुलूप अर्धवट लावून ठेवतात, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये.

कुलपाची जीभ किती बाहेर येते तेही मोजलं. पूर्ण फिरवल्यावर २५ मिमी तरी यायला हवी. ओढून घेतल्यावर आपोआप लागणारं तिरक्या जिभेचं लॅच हे कुलूप नव्हे. ती जीभ पातळ पत्र्याने मागे ढकलता येते. कोपऱ्यावरच्या आजी वर्षानुवर्षं नुसतं लॅच ओढून बाहेर पडत होत्या. त्यांना पत्र्याने दार उघडून दाखवलं तेव्हापासून त्या किल्ली फिरवल्याशिवाय पायरी उतरत नाहीत.

२४ फेब्रुवारी

सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग. ज्या दारांना दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे लांबट सिलिंडर आहेत तिथे बाहेरचं टोक दाराच्या पट्टीपासून किती पुढे आलंय ते बघितलं. ३ मिमीच्या वर आलं असेल तर ते पकडीत धरून मोडता येतं. सिलिंडर मधोमध सर्वांत कमजोर असतो, कारण त्याला धरणारा स्क्रू तिथूनच जातो आणि धातू तिथे थोडाच उरतो. मोडला की आतली यंत्रणा उघडी पडते.

नवे मागवताना एक खेप वाया गेली. मापं एकूण लांबीची घेतली गेली: ७० मिमी. पण ७० मिमी म्हणजे ३५-३५ असू शकतं किंवा ३०-४० सुद्धा. माप स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत वेगळं आणि आतल्या टोकापर्यंत वेगळं घ्यायचं. आलेले निम्मे सिलिंडर बाहेरच्या बाजूला पुढे येत होते, म्हणजे ज्यासाठी बदलत होतो तीच खोट. परत पाठवण्यात आठवडा गेला. नवे घेताना मोडण्यासाठी मुद्दाम खाच ठेवलेले घेतले. जोर लावला तर पुढचा तुकडा खाचेवर तुटतो आणि कुलूप धरणारा भाग आत सुरक्षित राहतो.

एका घराचं मागचं दार मात्र दुरुस्त करण्याजोगंच नव्हतं, आतून पोकळ होतं. नवं घेताना दार फोडायला किती वेळ लागतो ते ठरवणाऱ्या युरोपातल्या ईएन १६२७ या मानकाचे वर्ग बघितले. आरसी-२ वर्गाच्या दाराने स्क्रूड्रायव्हर, पकड आणि पाचर घेतलेल्या परीक्षकाला ३ मिनिटं थोपवायला हवं. आरसी-३ ने कटावणीसकट आलेल्याला ५ मिनिटं. हे आकडे मी सगळ्यांना वाचून दाखवले. चांगलं दार आपल्याला काही मिनिटं मिळवून देतं, इतकंच. त्या मिनिटांत आवाज ऐकून कोणी खिडकीत आलं नाही, कोणी फोन लावला नाही, तर ३ काय आणि ५ काय. यापुढच्या कामात याच मुद्द्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतोय.

३ मार्च

खिडक्या. सरकत्या खिडकीचं पान बाहेरून उचलून रुळातून काढता येतं का, हे प्रत्येक घरी हाताने करून बघितलं. बऱ्याच निघाल्या. वरच्या रुळात दोन-तीन स्क्रू असे सोडले की पान सरकतं पण उचललं जात नाही. खालच्या रुळात खिडकीच्या मापाचा लाकडी दांडा. या कामाला जवळजवळ खर्च नाही आणि एका घराला पाऊण तास पुरतो.

गजांच्या जाळ्या हा मोठा विषय झाला. काही जाळ्या बाहेरून साध्या स्क्रूंवर होत्या. वेल्डरने स्क्रूंची डोकी वितळवून बंद केली. पण त्याच वेळी एका घरात सगळ्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या बसवायचं ठरत होतं, शयनगृहांनासुद्धा. मी त्याला ठाम विरोध केला. घराला आग लागली आणि दाराची वाट बंद झाली तर त्या खोलीतली माणसं कुठून बाहेर पडणार? चोर वस्तू नेतो, बंद जाळीमागे माणसं जातात. बराच वाद झाला. शेवटी प्रत्येक झोपायच्या खोलीत एक जाळी बिजागरीची, आतून उघडणारी करायची असं ठरलं. तिची किल्ली खोलीतच, खिडकीतून हात घालून पोचणार नाही पण अंधारात सापडेल अशा ठरलेल्या खिळ्याला. मुलांसकट सगळ्यांनी दिवे बंद करून ती उघडून बघायची. एका घरात कुलूप गंजून उघडेचना. ते आज कळलं हे फार बरं झालं.

रात्री दार आतून किल्लीने बंद करणाऱ्यांनाही हेच: किल्ली नेहमी एकाच जागी.

तळमजल्याच्या दाराशेजारी मोठी काच असलेल्या घरात काच बदलायची ठरली. टफन्ड काच मजबूत वाटते, पण टोकदार फटका बसला की तिचे खडे होऊन पूर्ण वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिवट पडदा असतो. ती तडकते पण जागेवर राहते आणि फोडत बसावी लागते, आवाज करत. काच येईपर्यंत जुनी काच फोडून हात पोचू नये म्हणून दाराची कडी खाली, काचेपासून दूर सरकवली.

९ मार्च

उजेड. हालचालीने लागणारे दिवे बसवले आणि पहिल्या रात्री ते सतत लागत-विझत राहिले. मांजरं, हलणारी फांदी, एका घरी तर एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा. हे सेन्सर उष्णतेतला बदल पकडतात, त्यामुळे गरम हवेच्या झोताकडे तोंड नको. दुसरी गोष्ट: समोरून सरळ चालत येणाऱ्याला ते उशिरा पकडतात, आडवं जाणाऱ्याला लगेच. आम्ही सगळे सेन्सर फाटकाकडे तोंड करून लावले होते, म्हणजे येणारा माणूस सरळ त्यांच्याकडेच चालत यायचा. भिंतीच्या कोपऱ्यावर हलवून वाट आडवी पडेल असे लावले आणि खाली झुकवले, तेव्हा नीट वागायला लागले.

सर्वांत प्रखर दिवा एका काकांनी हौसेने फाटकावर लावला होता. त्याने समोरच्या घरातल्यांचे डोळे दिपायचे आणि दिव्यामागचा कोपरा पूर्ण काळोखात जायचा. तिथे कोणी उभं राहिलं तर दिसलं नसतं. काकांनी समजून घेतलं. आता तिथे झाकण असलेला, खाली उजेड टाकणारा मंद दिवा आहे आणि तो रात्रभर चालू असतो.

१६ मार्च

कॅमेरे. सगळ्यात जास्त पैसे यातच गेले. ओळीतल्या सगळ्या चौकटींच्या कामाला जेवढे लागले त्याच्या कितीतरी पट. उत्साह पण यातच सर्वांत जास्त होता, म्हणून जरा सविस्तर.

बसवणाऱ्याने एक कॅमेरा चार मीटर उंचीवर, गल्लीचा मोठा पट्टा दिसेल असा लावला. पडद्यावर चित्र छान. मग आमच्यातलाच एक जण टोपी घालून खालून चालत गेला आणि आम्ही चित्रफीत थांबवून बघितली: टोपी दिसते, चेहरा नाही. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी साधा हिशेब दिलाय. अनोळखी माणसाचा चेहरा पटवायचा तर चित्रात एका मीटरला २५० पिक्सेल हवेत, ओळखीच्या माणसाला ओळखायचं तर १२५. कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे चेहरा पटवायचा असेल तर त्या अंतरावर दिसणारा पट्टा साडेसात मीटरच्या आसपासच असला पाहिजे. आमचा होता वीस मीटर, म्हणजे मीटरला ९६ पिक्सेल. यात शेजारीसुद्धा खात्रीने ओळखता येत नाही.

कॅमेरा अडीच मीटरवर उतरवला आणि पूर्ण गल्ली बघण्याचा नाद सोडून फक्त फाटकाची वाट चौकटीत घेतली. रात्री आणखी एक अडचण: शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरून कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड परत येत होता आणि बाकी सगळं काळं पडत होतं. त्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं भिंगासमोर. आतला इन्फ्रारेड बंद केला. मंद दिवा पुरतो.

साठवण किती दिवस टिकते हे बसवणाऱ्याने सांगितलं नाही, आम्हीच काढलं. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. एक टीबीच्या डिस्कवर चार कॅमेरे असतील तर सहा दिवसही पुरत नाहीत. कोणी दहा दिवस गावी गेलं आणि परत आल्यावर घर फुटलेलं दिसलं तर हवा तो दिवस पुसलेला असणार. आता हालचाल असेल तेव्हाच साठवतो आणि डिस्क मोठी घेतली.

आणखी तीन गोष्टी राहिल्या होत्या. रेकॉर्डर टीव्हीखाली उघड्यावर होता. चोर तो घेऊन गेला की सगळं संपलं. तो माळ्यावर कुलूपबंद पेटीत गेला, हवा खेळेल अशा. घड्याळ बरंच मागे होतं, ते इंटरनेटच्या वेळेशी जोडलं, कारण वेळ चुकीची असलेली चित्रफीत तपासात गोंधळ करते. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच होता. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. आपल्या घराकडे बघणारा डोळा दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून हे काम बसवल्याच दिवशी करावं.

शेजाऱ्यांची खिडकी कॅमेऱ्यात येत असेल तर तेवढा भाग सेटिंगमध्ये झाकायचा. हे मागितल्यावर करायचं नाही, आपणहून करायचं.

२२ मार्च

फोनवरच्या गटाबद्दल लिहायलाच हवं. आज जे झालं त्याने मला फार वाईट वाटलं.

दुपारी कोणीतरी एका मुलाचा फोटो टाकला: «संशयित, दोनदा फेरी मारली.» दहा मिनिटांत चार जण त्याला घेरून उभे. तो पार्सल द्यायला आला होता, घराचा क्रमांक सापडत नव्हता. पार्सलवर आमच्याच ओळीतलं नाव. मुलगा घाबरून रडकुंडीला आलेला. त्याची सगळ्यांनी माफी मागितली, फोटो गटातून काढायला लावला. पण तो फोटो कोणी पुढे पाठवला असेल तर तो परत येत नाही.

संध्याकाळी नियम ठरले. माणूस कसा दिसतो, कोण वाटतो हे लिहायचं नाही. तो काय करतोय ते लिहायचं: «मागच्या भिंतीवरून उडी मारली», «रिकाम्या घराची कडी हलवून बघितली», सोबत वेळ आणि जागा. फोटो गटात टाकायचे नाहीत, लागले तर पोलिसांना द्यायचे. कोणाला अडवायचं नाही, पाठलाग करायचा नाही. हातात कटावणी असलेल्या माणसासमोर जाणं जिवावर बेतू शकतं. फोन आधी पोलिसांना, मग गटात. शुभेच्छा आणि बातम्या यांच्यासाठी वेगळा गट, कारण या गटाची घंटा वाजली की माणसाने ती बघितलीच पाहिजे. कोणी अनोळखी घुटमळताना दिसलं तर पहिलं पाऊल साधं: फाटकात येऊन «कोण हवंय?» असं विचारायचं. पत्ता शोधणाऱ्याला मदत होते. वाईट हेतूने आलेल्याला कळतं की आपण दिसलोय.

२५ मार्च

दोन घरांनी दारावर चुंबकी सेन्सरचा भोंगा बसवला. एका घराचं दार पावसात फुगून वाकलेलं होतं. त्यामुळे चुंबक आणि सेन्सर यांच्यात अंतर पडायचं आणि वाऱ्यानेही भोंगा वाजायचा. चौथ्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या घरातून कोणी बाहेर आलं नाही. खोटा वाजणारा भोंगा असला तर तो दुरुस्त होईपर्यंत बंदच ठेवावा, नाहीतर तो लोकांना न येण्याची सवय लावतो. दार रंधून घेतलं, सेन्सर जवळ आणला. वीज घालवून बॅटरीवर चालतो का हेही बघितलं. एका भोंग्याची बॅटरी नवी असूनही जोडलेलीच नव्हती.

२९ मार्च

रात्रीचा पहारेकरी ठेवायचा का यावर बैठक. बाजूने बोलणारे बरेच होते. माझं मत मांडलं: ठरावीक वेळी फेरी मारणारा माणूस ऐकणाऱ्याला आपला वेळ सांगत जातो. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ मध्ये पोलिसांनी काही भागांत गाडीची गस्त बंद केली, काही भागांत दुप्पट-तिप्पट केली, काही भागांत तशीच ठेवली. घरफोड्यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. आणि आमच्या ओळीतलं घर तर भरदुपारी फुटलंय. पहारेकऱ्याला द्यायचे पैसे मागच्या बोळात दिवे लावायला आणि ज्यांना खर्च झेपत नाही अशा दोन घरांच्या चौकटींना द्यावेत, असं सुचवलं. थोड्या चर्चेनंतर ते मान्य झालं. त्या दोन घरांचं काम सुताराने मजुरी न घेता केलं.

६ एप्रिल

पहिली खरी परीक्षा. एक कुटुंब आठवडाभर बाहेरगावी गेलं होतं. त्यांच्या घराकडे बघायला एक जोडीचं घर ठरलेलं. रोज संध्याकाळी एक दिवा लागायचा, दर दिवशी वेगळ्या खोलीत आणि थोड्या वेगळ्या वेळी. दारातली पत्रं, वर्तमानपत्रं सकाळीच उचलली जायची. शेजाऱ्यांची गाडी त्यांच्या फाटकात उभी असायची. मी मुद्दाम बाहेरच्या ओळखीच्या दोघांना गल्लीतून फिरायला सांगितलं आणि कोणतं घर रिकामं वाटतं ते विचारलं. दोघांनीही वेगळंच घर दाखवलं: ज्या घरात दुसऱ्या एक आजी दिवसभर असतात, पण फाटकात चार दिवसांची पार्सलं पडलेली होती आणि वरची खिडकी सताड उघडी. आजींना चालायला त्रास होतो, त्या फाटकापर्यंत जात नाहीत. आजपासून त्यांची पार्सलं पलीकडच्या वहिनी घेतील.

आजींच्या दाराला डोकावायची काचही बसवली, त्यांच्या उंचीवर. आधीची काच इतकी वर होती की त्यांना दिसतच नसे, म्हणून त्या दार उघडूनच बघायच्या. साखळी लावून बोलायचं, ओळखपत्र मागायचं, मीटर बघायला आलोय म्हणणाऱ्याला थांबवून आधी शेजारी फोन करायचा, हे त्यांच्याबरोबर सराव करून घेतलं. खरं काम करायला आलेला माणूस पाच मिनिटं थांबतो.

१३ एप्रिल

राहिलेली कामं. मागच्या बोळातला शेवटचा दिवा अजून लागायचा आहे, वायर कमी पडली. रिकाम्या प्लॉटच्या मालकांशी बोलणं झालंय. खिडक्यांच्या उंचीच्या वर गेलेली झुडपं कमरेएवढी छाटायला त्यांनी परवानगी दिली, फक्त कुंपणाची काटेरी वेल ठेवायची. पाहणीत दिसलेली शिडी साखळीने भिंतीतल्या कडीला बांधली, पण तिचं कुलूप हलकं आहे, बदलायचं. सगळे अँकर दर सहा महिन्यांनी तपासायचे, पाऊस संपल्यावर एकदा नक्की, कारण लाकूड फुगून आक्रसतं आणि पट्ट्या सैल होतात. जाळ्यांच्या कुलपांना तेल त्याच दिवशी. यादी समोरच्या काकांकडे दिली आहे.

फुटलेल्या घराचं कायमचं दार शुक्रवारी बसतंय, अँकरांची भोकं सुताराने आजच आखून ठेवली.